उण्यासकट

खैरनार सर भागाकार शिकवायला लागले, की पॉलिटेक्निकची पोरं भिंतीशी रांगेत उभी राहायची. कुणी एक झालेलं, कुणी शून्य. सर ओरडायचे, "सरका डावीकडं!" आणि अख्खी रांग धडपडत सरकायची. शेजारच्या वर्गात माझं शिकवणं बंद. मी तणतणत गेले, की म्हणायचे, "मॅडम, मोबाईलच्या पोटात भागाकार कसा चालतो, ते पोरांना कळायला नको?"

सर सटाण्याकडचे. रंगात आले, की अहिराणीवर घसरायचे. "भाग जातो का, ते आपण आधी मनात बघतो. यंत्राला कुठलं मन? ते बिचारं सरळ वजा करून बघतं. उणं आलं? त्यात काय शे? वजा केलेलं परत दे ना भो! भागाकारात शून्य मांड, नि सरक."

मागच्या हिवाळ्यात सरांच्या घरच्या, आमच्या वहिनी, गेल्या. साध्या तापाचं निमित्त. दिवस उरकून सर कामावर आले आणि नेमका भागाकारच शिकवायला आला. शेजारून आवाज येईना, म्हणून मी दारात जाऊन उभी राहिले. वजाबाकी झाली होती, उणं आलं होतं, पोरं वाट बघत होती. सरांच्या तोंडून 'परत दे' फुटेना.

"आज दुसरी रीत," शेवटी ते म्हणाले. "परत द्यायचं नाही. उणं तसंच घेऊन सरकायचं. पुढच्या घरात वजा न करता मिळवायचं. उत्तर तेच येतं."

दुपारी मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले. "कुलूप मलाच उघडावं लागतं, मॅडम," ते म्हणाले. "हात अजून बेलकडं जातो." लेक पुण्याला बोलवत होती. पण तिथं दिवसभर सगळी कामावर. त्यापेक्षा जेलरोडचं आपलं घर बरं, म्हणाले. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणजे मी खवचट बोलते.

"आणि शेवटी बाकी उणीच राहिली तर, सर?"

"राहते ना कधीकधी." ते चक्क हसले. "मंग शेवटी एकदा मिळवायचं. एकदाच. झाली बाकी चोख."

यंदा आंब्याच्या दिवसांत सर झोपेतच गेले. सकाळी दूधवाल्याला दार उघडलं नाही, तेव्हा कळलं. लेक माझ्या गळ्यात पडून रडली. "बाबा शेवटी एकटेच होते हो, मावशी."

सरांची ती शेवटी एकदाच मिळवायची पायरी तिला सांगावी, असं फार वाटलं. पण भागाकार समजावायची ती वेळ नव्हती.

"नव्हते गं," एवढंच मी म्हणाले.