टीचरांच्या पिशवीतलं झिंक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. टीचरांची जखम लांबली ती माझ्यामुळे.

मी चेन्नईतल्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. ज्यांचं आतडं काम करत नाही, त्यांना थेट शिरेतून अन्न देतात. ती पांढरी पिशवी आमच्या खोलीत तयार होते. टीचर इथल्याच वेस्ट मांबलमच्या, तंजावरी मराठी. आतड्याचं मोठं ऑपरेशन झालेलं. शाळेतून रिटायर व्हायला थोडेच दिवस उरले होते आणि निरोपाला त्यांना स्वतःच्या पायांनी जायचं होतं. मी राउंडला गेलो की त्या पांढऱ्या पिशवीकडे बघून तमिळ वळणानं विचारायच्या, "आज ताकात काय घातलंस पा?"

"सगळं घातलंय, टीचर."

"मीठ विसरला असशील."

जखम लवकर भरावी म्हणून सर्जननी प्रोटीन, म्हणजे अमायनो ॲसिड्स, वाढवायला सांगितली. मी वाढवली. मग लघवीचा रिपोर्ट आला. त्यात झिंक भरपूर. सर्जन सरांचा फोन आला, "याचं काय करायचं?"

"जास्तीचं बाहेर पडतंय, सर. कमी करतो."

"बघा तुम्ही."

मी पिशवीतलं झिंक कमी केलं. तेव्हा लक्षात आलं नाही, की शिरेतून गेलेली काही अमायनो ॲसिड्स झिंकला धरतात आणि किडनीवाटे सोबत घेऊन जातात. म्हणजे टीचरांच्या शरीरात झिंक उतू जात नव्हतं, संपत होतं. मी रिपोर्ट उलटा वाचला.

पुढे त्यांच्या ओठांभोवती लाल चट्टे उठले. उशीवर केस दिसायला लागले. स्किनच्या डॉक्टरांनी फंगस म्हणून क्रीम दिलं. जखम होती तशीच. मला एका जागी बसवेना. पुस्तक उघडायचो, मिटायचो, पुन्हा वॉर्डात जाऊन यायचो. अशाच एका फेरीत टीचरांनी जवळ बोलावलं.

"कुणाला सांगू नको पा. लेकीच्या डब्यातलं लिंबाचं लोणचं चोरून चाखलं मी. त्यानंच तोंडावर उठलंय." मग हळूच म्हणाल्या, "आणि चव पण कळली नाही. नुसतं ओलं लागलं."

चट्टे, केस, न भरणारी जखम आणि आता चव. सगळ्या झिंक कमी पडल्याच्या खुणा. मी खाली आलो आणि त्याच दिवशी झिंक वाढवलं. ते ठरवणं माझ्याकडेच होतं, कुणी काही विचारलं नाही. चट्टे उतरले. सर राउंडला म्हणाले, "क्रीमनं काम केलं." मी मान हलवली.

जखम भरली, पण तोवर निरोप समारंभ टीचरांशिवाय होऊन गेला होता. मुलांनी आणलेला हार नर्सनं वॉर्डाच्या दाराबाहेरच ठेवून घेतला. आत फुलं चालत नाहीत.

अमायनो ॲसिड्स वाढवली की आता मी आधी झिंक बघतो. लघवीचा रिपोर्ट काय गेलं ते सांगतो, काय उरलं ते नाही.

टीचर अजून मांबलम स्टेशनच्या जिन्यावर भेटतात. "घरात लोणचं ठेवतच नाही रे मी," म्हणतात. "एका फोडीनं निरोप घालवला माझा."

लोणच्याचा काही दोष नव्हता. टीचरांना हे सांगणं माझ्याकडे बाकी आहे.