विहीणबाईंना निफाड दाखवताना

लेकीच्या सासूबाई, हान्नाबाई, जर्मनीहून एकट्याच येणार म्हटल्यावर मी कागदावर सूचनांची यादीच केली. पाणी बाटलीतलंच प्यायचं, गाडीवरची कापलेली फळं नकोत, पासपोर्टची झेरॉक्स वेगळी ठेवायची, रस्ता ओलांडताना माझा हात सोडायचा नाही. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलेलं. सूचना दिल्याशिवाय मला जेवण पचत नाही. त्या तयारीनिशी मी नाशिकहून त्यांना आणायला मुंबईच्या विमानतळावर गेले.

कसारा घाट लागेपर्यंत मी त्यांना सगळी यादी ऐकवली. दोघींचंही इंग्रजी मोडकंच, त्यामुळे एकमेकींचं सहज कळत होतं. मग त्यांनी त्यांची एकच सूचना सांगितली: शेंगदाणा. कणभरही पोटात गेला तर घसा सुजतो, श्वास अडकतो. पर्समधून जाड पेनासारखं इंजेक्शन काढून ते मांडीवर कसं दाबायचं, हेही त्यांनी दोनदा दाखवलं.

आमच्याकडे दाण्याचा कूट नाही अशी भाजी शोधावी लागते! निफाडजवळ गावी राहणाऱ्या माझ्या धाकट्या जावेला, सुमनला, मी लगेच फोन लावला.

"विहीणबाईंना दाणे चालत नाहीत गं. कूट नको, तेलही दुसरं वापर."

"नाय घालत ताई. पथ्याचं करते मी समदं."

पुढे सांगणार, तोवर घाटात फोन कटला. पुन्हा लावायचं मी विसरले.

नाशिकमध्ये दोन दिवस मजेत गेले. गोदाघाटावर त्यांनी माझा हात खरंच सोडला नाही. मिसळीच्या दुकानांवरून मात्र मी त्यांना अक्षरशः पळवत नेलं.

तिसऱ्या दिवशी निफाड. सकाळची थंडी अशी, की जर्मनीच्या बाईनेही शाल मागितली. द्राक्षबागेत थिनिंग (घडातले जादा मणी काढणं) चाललं होतं. एका मजूरबाईने आपली कात्री हान्नाबाईंच्या हातात दिली आणि मला म्हणाली, "लय गोरी हाय बया. ऊन चढलं का डोक्यावर काहीतरी घ्यायला सांगा." सूचना देणारी मी एकटीच नाही, हे पाहून बरं वाटलं.

दुपारी सुमनने पाट मांडून, भोवती रांगोळी काढून पान वाढलं. बाजरीची भाकरी, वांग्याची रस्साभाजी. दुसऱ्या घासाला हान्नाबाईंचा हात गळ्याकडे गेला. ओठ सुजायला लागले. मी सुमनकडे पाहिलं.

"चमचाभरच कूट घातला ताई," ती पांढरीफटक पडली होती. "रस्सा पानी पानी दिसत व्हता. विहिणीच्या पानात तसला कसा वाढायचा?"

मी त्यांची पर्स उपडी केली, इंजेक्शन त्यांच्या मांडीवर दाबून धरलं. दिरांनी पिकअप काढली. निफाडच्या दवाखान्यापर्यंत मी त्यांचा एकेक श्वास ऐकत होते. लेकीला काय तोंड दाखवू, एवढंच मनात येत होतं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, आता धोका नाही. तेव्हा कुठे मला रडू आलं.

तुमच्याकडे परदेशचा पाहुणा यायचा असेल, तर एवढं ऐका. काय नको ते सांगाल, तसं खाल्लं तर काय होईल तेही सांगा, आणि स्वयंपाक करणारीला समोर बसवून सांगा. आपल्याकडे पथ्य म्हणजे थोडंसं चालतंच. चूक सुमनची नव्हती, अर्धवट सांगणाऱ्या मास्तरीणबाईंची होती.

दोन दिवसांनी आम्ही नाशिकला परत निघणार होतो. सुमन अजून विहीणबाईंसमोर येत नव्हती. "शेजारून जेवन मागवते," ती आतूनच म्हणाली. हान्नाबाईंनी मला विचारून अर्थ समजून घेतला आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. "हिच्याच हातचं हवं," म्हणाल्या. सुमनने कोरं पातेलं काढलं, तीनदा धुतलं. मुगाची खिचडी आणि वर साजूक तूप. ताट ठेवून ती दाराशी उभी राहिली. "घ्या ना अजून" नाही, "एवढंच का" नाही. आमच्या घरात आग्रहाशिवाय पाहुणा जेवताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

हान्नाबाईंनी ताट स्वच्छ केलं, आणि रिकामं ताट सुमनपुढे धरलं.