दोन मिलिमीटरचा हुंकार

सकाळचे आठ वाजून बावीस मिनिटं झाली होती आणि मेंदूच्या प्रयोगशाळेतली इंटर्न आपल्या आत्याच्या अंबाड्यातून नववी पीन उपसत होती. पलीकडच्या खोलीतलं मशीन म्हणजे एक भलंमोठं चुंबक. लोखंडाची टाचणीसुद्धा तिथे हवेतून उडत जाते.

"संपल्या?"

"अजून दोन आहेत. पण त्या केसांतल्या नाहीत," आत्या म्हणाली. "तू जरा तिकडे तोंड कर."

इंटर्न कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. सुट्टीचे आठ आठवडे इथे काढायचे ठरले तेव्हा तिला वाटलं होतं, लोकांच्या मनात काय चाललंय ते पडद्यावर दिसेल. प्रत्यक्षात तिने सात आठवडे लोकांना एवढंच सांगितलं, की हलू नका. माणसाने मशीनमध्ये आडवं पडून आठ मिनिटांची गोष्ट ऐकायची. त्या वेळी मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो त्याची चित्रं मशीन काढणार. नंतर गोष्टीवर दहा प्रश्न. डोकं दोन मिलिमीटरहून जास्त हललं, की सगळी चित्रं बाद.

साठीपुढची वीस माणसं हवी होती, एकोणीस झाली होती. वीस भरली तर शुक्रवारी प्रयोगशाळेच्या मॅडमपुढे आणि सगळ्यांपुढे इंटर्न स्वतः निष्कर्ष मांडणार होती. नाही भरली तर प्रयोगशाळेतला एक सीनियर आपलं काम मांडणार आणि इंटर्नने प्रोजेक्टर लावायचा. विसावे गृहस्थ काल संध्याकाळी "मला लिफ्टमध्येसुद्धा गुदमरतं" असं सांगून मोकळे झाले. मशीन आज साडेनऊपर्यंतच तिच्या वाट्याला होतं, नंतर थेट पुढच्या आठवड्यात. म्हणून सकाळी सहाला आत्याला फोन गेला.

आत्या आत गेली. डोक्यावर मशीनचा पिंजरा बसला, कानांवर हेडफोन आले. टेक्निशियनने गोष्ट लावली आणि दोन मिनिटांत कपाळाला हात लावला.

"काकूंना काही त्रास आहे का? मान सारखी हलतेय."

पडद्यावरची डोक्याच्या हालचालीची रेघ करवतीसारखी दिसत होती. खोकला असावा, असं इंटर्नला वाटलं. मग तिने गोष्टीचा कागद शेजारी धरला. प्रत्येक दाता वाक्याच्या शेवटी येत होता. पूर्णविराम आला की दाता, पूर्णविराम आला की दाता.

तिने मशीन थांबवायला सांगून माइक चालू केला. "आत्या, तू आत काय करतेयस?"

"ऐकतेय."

"मान का हलतेय?"

"अगं, ती बाई एवढं जीव तोडून सांगतेय. मी हं नको म्हणू?"

"ते रेकॉर्डिंग आहे."

"असू दे. तिला तरी कसं कळायचं मी जागी आहे?"

टेक्निशियनने खुर्ची मागे लोटली. "आता एकच गोष्ट शिल्लक आहे, राखीव ठेवलेली. एकदा ऐकलेली परत चालत नाही. घड्याळात नऊ वाजलेत."

हं म्हणू नकोस, असं सांगून उपयोग नव्हता. लहानपणापासून इंटर्नने आत्याला जे जे सांगितलं होतं, परीक्षेचे गुण धरून, ते त्या हंच्या तालावरच सांगितलं होतं. आत्या फक्त एकाच माणसाचं बोलणं मान न हलवता ऐकू शकायची. इंटर्नची आई आणि आत्या एकाच इमारतीत खालीवर राहत आणि चार वर्षं आत्या आईशी बोलत नव्हती. आत्याने दिलेला कुकर रिंगेशिवाय परत आला होता. आईचं म्हणणं, रिंग मुळातच नव्हती. दोघी एका खोलीत तासभर बसत. आई बोलत असे आणि आत्याकडून हूं नाही की चूं नाही.

इंटर्नने माइक तोंडाजवळ घेतला. "आत्या, आता जी बाई बोलेल ना, ती आई आहे असं समज."

"कुकरबद्दल बोलणार आहे?"

"कशाहीबद्दल."

"बरं. लाव."

रेघ सरळ झाली आणि आठ मिनिटं सरळच राहिली. चौथ्या मिनिटाला टेक्निशियन काचेला नाक लावून उभा राहिला. "श्वास घेतायत ना?" शेवटी आकडा आला, शून्य पूर्णांक तीन मिलिमीटर.

इंटर्नचा जीव अजून भांड्यात पडला नव्हता. आत्या अबोला धरून पडली असेल आणि तिने काही ऐकलंच नसेल, तर? आत्या बाहेर आल्यावर इंटर्नने प्रश्नांचा कागद काढला. गोष्ट पोस्टात छत्री विसरलेल्या माणसाची होती.

"छत्रीचा रंग कोणता?"

"सांगितलाच नाही. जुनी छत्री, एवढंच म्हणाली. मला अडकवू नकोस."

दहापैकी दहा. आधीच्या एकोणिसांत कुणी आठच्या वर गेलं नव्हतं.

"एवढं कसं लक्षात राहिलं?"

"जिच्याशी बोलायचं नसतं तिचा शब्दन् शब्द ऐकावा लागतो," आत्या अंबाडा वळत म्हणाली. "पिना दे."

फॉर्मवर शेऱ्याचा रकाना होता. तिथे इंटर्नचं पेन अडलं. बाकीच्या एकोणिसांना असली सूचना कुणी दिली नव्हती. तिने मॅडमना फोन केला.

"जादा सूचना? काय सांगितलंस?"

"आत्याला म्हटलं, बोलणारी बाई माझी आई आहे असं समज. म्हणजे तिची वहिनी."

"भांडण आहे?"

"चार वर्षं."

"किती हलल्या?"

"शून्य पूर्णांक तीन."

"विसावा माणूस धर. पण जे सांगितलंस ते शेऱ्यात जसंच्या तसं लिही. आणि शुक्रवारी कुणी विचारलं तर उत्तर तू द्यायचंस. मी मध्ये पडणार नाही."

इंटर्नने शेरा लिहिला. कुकरसुद्धा लिहिला. रकाना पुरला नाही म्हणून मागच्या पानावर गेली.

उद्या बुधवार. बुधवारी पावणेआठला मशीनमध्ये माणूस जात नाही. पाण्याने भरलेला प्लॅस्टिकचा गोळा ठेवतात, मशीन नीट मोजतंय ना ते पाहायला. त्याला बारा मिनिटं लागतात, हलू नकोस असं सांगावं लागत नाही, आणि त्याचाही फॉर्म इंटर्ननेच भरायचा असतो.