दाजींचा बेळगावातला मुक्काम

आक्काचा फोन आला तेव्हा दुकानात अकरावीच्या प्रवेशाची रांग लागली होती आणि मशीनवर कुणाचा तरी जातीचा दाखला होता. "सुभाष, तुझं दाजी गेलं रं," एवढंच ती म्हणाली. मी "आलो" म्हणालो, फोन ठेवला, आणि तरीही त्या दाखल्याच्या तीन प्रती काढून, पिन मारून त्या बाईंच्या हातात दिल्या. याला आता पाच आठवडे झाले. त्या प्रती होईपर्यंत मी तिथं का उभा राहिलो, हे मला अजून सांगता येत नाही... हात चालू होते, चालत राहिले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेले कालवे, बंधारे पारदर्शक कागदावर शाईनं गिरवायचे, हे त्यांचं जन्मभराचं काम. निवृत्त झाल्यावर पोरगा नितीन पुण्याला गेला आणि जुना कॉम्प्युटर मागं ठेवून गेला. त्यात विमान चालवायचा खेळ होता. आयुष्यात कधी विमानात पाऊल न ठेवलेला हा माणूस त्या खेळाला असा चिकटला की विचारू नका. खेळ म्हटलेलं मात्र खपायचं नाही. काल जिथं उतरलो, तिथूनच आज उठायचं, हा त्यांचा नियम. बटण दाबून भलतीकडं जाता येतं, पण ती त्यांच्या लेखी लबाडी. असे ते कोल्हापुरातून निघाले ते गोवा, केरळ करत देशभर हिंडले. संध्याकाळी दिवा लावताना आक्का विचारायची, "आज मुक्काम कुठं?" आणि दाजी गंभीरपणे सांगायचे, "विशाखापट्टणम."

दुसरा नियम असा की शीटशिवाय उतरायचं नाही. प्रत्येक विमानतळाचा उतरण्याचा नकाशा असतो, तेच शीट. धावपट्टी कुठल्या दिशेला, किती उंचीवरून खाली यायचं, रेडिओ कुठल्या फ्रिक्वेन्सीवर लावायचा, सगळं त्यात असतं. सरकारी संकेतस्थळावर ते कागद खुले असतात, पण शोधायचे म्हणजे डोक्याला ताप. गावाच्या नावानं काही सापडत नाही, प्रत्येक ठिकाणाची चार इंग्रजी अक्षरांची खूण लागते. बरं, जुने-नवे सगळे एकाच ढिगात. दाजींकडं बटणांचा फोन, घरात नेट नाही. म्हणून हा सगळा ताप माझ्या झेरॉक्सच्या दुकानात, तोही नेमका चारच्या गर्दीत. कसबा बावड्यातून चालत यायचे, काउंटरच्या कडेला उभे राहायचे. "पावणं, गुवाहाटीचं शीट गावलं का? वरची तारीख बघा पहिल्यांदा. जुनं नगं." मी एकदा वैतागून म्हणालो, "दाजी, घरात नेट घ्या की." तर म्हणाले, "मग तुमच्याकडं यायचं कशाला?" मला तेव्हा ती चेष्टा वाटली.

छापील कागद नेऊन ते तसाच वापरायचे नाहीत. ड्रॉइंग बोर्डावर ट्रेसिंग पेपर लावून मोठ्या आकारात, शाईनं, पुन्हा काढायचे. दोन-दोन दिवस जायचे त्यात. गुवाहाटीच्या वेळी मी घोळ घातला. शीटची छपाई पुसट आली होती, म्हणून आकडा मी पेनानं लिहून दिला. टॉवरशी बोलायची फ्रिक्वेन्सी वेगळी आणि धावपट्टीच्या रेषेत आणणारी वेगळी. मी बोलायची लिहिली, उतरायच्या जागी. आठ दिवस दाजी रोज गुवाहाटीपर्यंत जायचे, पडद्यावरचा दिशेचा काटा हलायचा नाही, निमूट माघारी बागडोग्र्याला जाऊन उतरायचे. मी दिलेला आकडा चुकीचा असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. कळलं तेव्हा मी ओशाळलो. ते म्हणाले, "चूक तुमची न्हाय. ट्रेसरनं तपासूनच शाई लावायची असती." माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

यंदा मे महिन्यात ते परतीच्या वाटेला लागले. हैदराबाद, हुबळी, बेळगाव. एक टप्पा राहिला, कोल्हापूर. निघताना उतरायचं शीट लागलं नव्हतं, त्यामुळं स्वतःच्या गावाचंच त्यांच्याकडं नव्हतं. तोवर छातीत पाणी झालं होतं, जिना उतरणं बंद. आक्काच्या फोनवरून बोलले, "पावणं, आपल्या कोल्हापूरचं तेवढं काढून ठेवा." आवाज दमलेला. मीही दमलो होतो. खरं सांगायचं तर त्या रांगेला, त्या दाखल्यांना आणि दाजींच्या शीटांनाही मी कंटाळलो होतो. दोन दिवसांनी पुन्हा फोन आला आणि मी म्हणालो, "शोधलं दाजी, न्हाय मिळत."

"न्हाय मिळत?"

"न्हाय."

ते म्हणाले, "मग थांबतो की बेळगावात. तुम्ही कामं करा." त्यानंतर अकरा दिवसांनी गेले.

दिवसकार्य झाल्यावर एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी बसलो आणि शोधलं. तीन मिनिटं लागली असतील. कागद घडी करून खिशात घातला आणि आक्काकडं गेलो. बोर्ड तसाच होता. त्यावर नवा ट्रेसिंग पेपर ताणून लावलेला, चारी बाजूंनी शाईची चौकट, आत सगळं कोरं. उजव्या कोपऱ्यात, सरकारी ड्रॉइंगवर असतो तसा तपशिलाचा चौकोन. त्यात त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलेलं: 'कोल्हापूर. शोध घेतला: सुभाष. उपलब्ध नाही.'

आक्का मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, "शेवटपातूर म्हणत हुते, पावण्यानं लई हुडकलं. न्हाईच मिळालं न्हवं रं? बेळगावातच ऱ्हायलं बघ ते."

मी म्हणालो, "न्हाय मिळालं आक्का." कागद खिशातच होता.

आक्का पेपरची ही पुरवणी शेवटच्या पानापर्यंत वाचते. तिच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून इथं लिहितोय. आक्का, शीट होतं. मी हुडकलंच नव्हतं.