सहावी चिंधी

वेल्डरला सगळे ‘दोनहात’ म्हणत. गिऱ्हाईक दारात ताटकळो की बायको जेवायला हाका मारून थको, रंगाचे दोन हात दिल्याशिवाय तो कुठलीही वस्तू दुकानाबाहेर सोडत नसे.

या गृहस्थाने रात्रीचा दिवस करून न नांगरता पेरणारं यंत्र बनवलं. मागच्या पिकाचं काड शेतात तसंच राहतं. पाती जमिनीला बारीक चीर देतात, नळ्यांतून बी पडतं, मागची चाकं चीर बुजवतात. डिझेल वाचतं, ओल टिकते. पण पहिलं शेत द्यायला कोणी तयार होईना. शेवटी त्याची थोरली ताई म्हणाली, माझ्या शेतात पेर. भाऊजींनी कपाळाला हात लावला, पण ताईपुढे त्यांचं कधी चाललं होतं? घरचा वर्षाचा गहू त्या एकाच शेतातून यायचा.

पेरणी झाली. ट्रॅक्टरवाला आपल्या मेव्हण्याला दाखवायला म्हणून यंत्र परस्पर परगावी घेऊन गेला. दोनहात खुशीत दुकान आवरायला लागला, आणि जमिनीवरच्या चिंध्या पुन्हा पुन्हा मोजू लागला. रंगवताना फवारा आत जाऊ नये म्हणून तो नळ्यांच्या तोंडात चिंध्या कोंबत असे. बायकोच्या मते, तिच्या चांगल्या परकराच्या. नळ्या सहा. जमिनीवर चिंध्या पाच.

म्हणजे एक नळी बोळा घेऊनच पेरायला गेली असेल, तर दर सहावी ओळ कोरी! ट्रॅक्टरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, नळ्या मोकळ्या दिसतायत खऱ्या, पण रस्ता असा आहे की बोळा काय, माझी कवळीसुद्धा पडली असती.

दोनहात शेतात जाऊन उकरायला बसला. एका जागी गहू सापडला, तीन जागी नाही. पण त्या जागा ओळीतल्या की दोन ओळींमधल्या, हे कळायला मार्ग नव्हता. यंत्राने चिरा इतक्या बेमालूम बुजवल्या होत्या की बनवणाऱ्यालाच थांग लागेना. स्वतःच्या कारागिरीचा असा राग त्याला जन्मात आला नव्हता. त्यात भाऊजी येता-जाता विचारायचे, पेरलंय ना नक्की, की नुसते मंत्र म्हटलेत? दोनहाताचं जेवण तुटलं. बायको परकराचं नाव काढेनाशी झाली, यावरून काय ते समजावं.

आणि एके सकाळी काडातून हिरवे कोंब डोकावले. दोनहात गुडघ्यांवर बसून काड बाजूला सारत आडवा सरकू लागला. पाच ओळी भरलेल्या. त्याने श्वास रोखून सहावीवरचं काड उचललं. कोंब होते, दाट. पलीकडे पुन्हा सहा, आणि पुन्हा सहा. सहावी चिंधी कुठे का पडली असेना, पेरताना नळीत नव्हती. त्याने तिथेच बसकण मारली.

मागून ताई आली. “काय रे, काय हरवलंय?”

त्याने सगळं सांगून टाकलं.

“मग मीही सांगते. तुझ्या भाऊजींना न कळू देता डब्यात बी राखून ठेवलं होतं. म्हटलं, नाहीच उगवलं, तर हाताने टोकू.”

“म्हणजे तुझाही विश्वास नव्हता?”

“होता की. म्हणून तर थोडंच ठेवलं.”

दोनहाताला राग यायला हवा होता. आलं ते हसू.

“आता ते बी विहिरीकडच्या तुकड्यात पेरून टाक,” ताई म्हणाली. “तुझ्याच यंत्राने. पण आधी घरी चल आणि पोटभर जेव. गालफडं बघ किती बसलीत.”

तो उठला आणि निमूट तिच्यामागे निघाला. कधी नव्हे ती त्याला सडकून भूक लागली होती.