मागं सीट नसलेली गाडी

आमच्या गावात नवी गाडी घेणारा माणूस सकाळी पेढे वाटतो आणि संध्याकाळी पस्तावतो. कारण गाडी त्याची असली तरी मागची सीट गावाची असते.

योसेफ उजागरे हा माझा शेजारी. साखर कारखान्यात टाइमकीपर होता आणि त्याच्याकडं एक लुना होती. ज्याला संगमनेरला जायचं असेल तो सकाळी त्याच्या दारात येऊन उभा राहायचा. छबूबाई मांडीवर कोंबड्या घेऊन बसायची आणि गाडी खड्ड्यात आदळली की कोंबड्यांची बाजू घेऊन योसेफलाच बोलायची. सरपंच गहिनीनाथांची स्वतःची जीप होती, पण तिला डिझेल लागायचं, म्हणून तेही लुनावरच यायचे. वर रस्ताभर योसेफला गावाच्या विकासाबद्दल सांगायचे. योसेफ मुळात अबोल. त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, रस्त्यानं एकट्यानं जायला मिळावं.

रविवारची सकाळ मात्र त्याच्या बायकोची, दयाची होती. त्या दिवशी सीट मागायची कुणाची छाती होत नसे. चर्चला जाताना मागं बसून ती आठवड्याचं सगळं त्याच्या कानात ओतायची. घरात तो ऐकता ऐकता उठून जायचा. गाडीवरून उठून जाता येत नाही, म्हणून तिथं ऐकायचा. दयाला चर्चइतकीच ती वाटही आवडायची, हे तिनंच एकदा माझ्या बायकोला सांगितलं होतं.

शहाण्णव साली योसेफचा आतेभाऊ सॅम याचा अमेरिकेहून फोटो आला. फोटोत सॅम एका फळीवर उभा होता. हातात हँडल, फळीखाली दोन बारकी चाकं आणि मागच्या चाकाला फवारणीच्या पंपाएवढं पेट्रोलचं इंजिन. आम्हाला त्याचं वाईट वाटलं. एवढ्या लांब जाऊनही बिचाऱ्याला बसायला मिळत नव्हतं. योसेफनं मात्र फोटो बराच वेळ हातातून सोडला नाही. त्या गाडीला सीट नव्हती, पुढंही नाही आणि मागंही नाही.

नाताळात सॅम ती गाडी खोक्यात घालून घेऊन आला आणि योसेफनं त्याच आठवड्यात लुना विकून टाकली. दयानं तेव्हाच विचारलं, "आन् मी कुठं बसायचं?"

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. म्हणाला, "तुला येष्टी हाय की."

दया गप्प बसली. योसेफनं तो होकार समजला. नवऱ्यांचा हा गैरसमज आमच्याकडं फार जुना आहे.

दुसऱ्या दिवसापासून योसेफ दोरी ओढून इंजिन चालू करायचा, फळीवर उभा राहायचा आणि माकडटोपी घालून ताठ मानेनं कारखान्याकडं निघायचा. आवाज ऐकून पहिले काही दिवस लोकांना वाटायचं, कुणीतरी डाळिंबावर औषध मारतंय. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

गाव मात्र दुखावलं. त्यानं परदेशी गाडी आणली याचा राग कुणाला नव्हता. मागच्या सीटशिवाय आणली, हा सरळसरळ अपमान होता. गहिनीनाथांनी पारावर बसून गावातली माणुसकी संपल्याचं जाहीर केलं. मग वेल्डिंगवाल्याकडून सीट बसवून द्यायची तयारीही दाखवली, तीही स्वतःच्या खर्चानं. स्वतःच्या खर्चानं काही करायला ते पहिल्यांदाच तयार झाले होते. योसेफ ऐकेना तेव्हा लोकांनी तोड काढली. माणूस बसत नाही तर पिशवी तरी न्या, म्हणू लागले. हँडलला दोन्हीकडं डबे, औषधं, चपला लटकू लागल्या. छबूबाईनं तर कोंबडी पाय बांधून अडकवली. योसेफची काही तक्रार नव्हती. पिशव्या मागून बोलत नाहीत, एवढ्यावर तो खूश होता.

पहिल्याच रविवारी एसटी आली नाही. दया पायी निघाली. योसेफला तिला सोडून पुढं जाणं बरं दिसेना, म्हणून तो तिच्या शेजारून गाडी चालवू लागला. पण चालत्या माणसाच्या वेगानं ती गाडी बंद पडायची. मग तो भुर्रकन पुढं जायचा, थांबायचा, दया गाठेपर्यंत उभा राहायचा, पुन्हा दोरी ओढायचा. दया आईच्या मोतीबिंदूबद्दल काहीतरी सांगत होती. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू येईना. तो सारखं "काय?" म्हणत राहिला, आणि शेवटी तिनं सांगायचं सोडून दिलं. चर्चच्या फाटकात तिची बहीण जेनिफर नवऱ्याच्या स्कूटरवरून उतरत होती. तिनं दयाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "नवऱ्याला गाडी आन् तुला चपला व्हय गं?"

त्यानंतर दया त्याला पुढं पाठवू लागली. घरातही ती फारसं बोलेना. आमची भिंत एकच. पूर्वी तिचा आवाज ऐकून मला वैताग यायचा, आता तो येत नाही म्हणून चुकल्यासारखं व्हायला लागलं. योसेफला मात्र घर छान शांत झालंय असंच वाटत होतं. माझा असा संताप झाला होता त्याच्यावर, की विचारू नका.

पहिल्या पाळीहून आला की तो दुपारी झोपायचा. तेवढ्या वेळात दया गाडी ढकलत शाळेच्या मैदानात न्यायची. लुना शिकते म्हटली असती तर साडीत टांग कशी टाकायची, लोक काय म्हणतील, सगळं आलं असतं. इथं टांग टाकायचीच नव्हती. फक्त उभं राहायचं होतं, आणि आमच्या गावानं बाईला उभं राहायला कधीच बंदी केलेली नाही. बसली की मात्र विचारतात, कामं झाली का.

एका रविवारी योसेफ दाढी करत असताना अंगणात इंजिन सुरू झालं. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून तो बाहेर आला. दया पदर खोचून, हँडलला बायबलची पिशवी अडकवून निघून गेली होती.

तो चालत चर्चला पोहोचला तेव्हा पाळकांचा उपदेश संपत आला होता. मी नेहमीसारखा मागच्या बाकावर होतो, तो घामाघूम होऊन माझ्या शेजारी टेकला. उपासना सुटल्यावर बाहेर बायकांचा दयाभोवती हा गराडा. योसेफ कडेला उभा राहिला. गर्दी पांगली, दया निघाली, तसा तो लगबगीनं तिच्या शेजारी गेला.

"दया, दमानं चालव," तो म्हणाला. "मी संगं चालतो. बोलत बोलत जाऊ."

दयानं दोरी ओढायला घेतलेला हात थांबवला. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"तुमाला रस्त्यानं एकटंच बरं वाटतं, म्हून तर ही आणली ना. जावा की निवांत."

ती गेली. योसेफ रस्त्याच्या मधोमध उभा होता. मला त्याची कीव आली. सायकल थांबवून मी कॅरिअरकडं बोट दाखवलं. तो मुकाट्यानं मागं बसला आणि घर येईपर्यंत माझा शर्ट धरून होता.