लिफ्टखालची विहीर

माण गावच्या अनुसयाबाई सापाला भ्यायच्या नाहीत. शेपटीला धरून बांधापलीकडं भिरकावून द्यायच्या. पण लिफ्टचं दार उघडलं की त्यांचे हातपाय गार पडायचे.

आता तुम्ही म्हणाल, लिफ्टला काय भ्यायचं? तर ऐका. ती नऊ मजली इमारत त्यांच्याच रानात उभी आहे. बिल्डरला जमीन दिली, बदल्यात नवव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, तिथं पोरगा आणि सून राहायला गेले. लिफ्ट बसवली ती नेमकी यांच्या विहिरीच्या जागी. विहीर बुजवायची तर आधी पाण्यातल्या देवींची, साती आसरांची, ओटी भरायची आणि विहिरीला श्वास घ्यायला भरावात एक पाईप उभा सोडायचा, ही गावची रीत. ओटीचं काम अनुसयाबाईंचं होतं. पण डंपर एक दिवस आधीच आला. उद्या भरू म्हणाल्या आणि गुमान बघत राहिल्या. पाईपही राहूनच गेला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हातारीला चळ लागला म्हणाले असते लोक.

बाई एकट्याच जुन्या घरी राहायच्या. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. जीव अडकला होता तो पहिलीतल्या नातीत, सृष्टीत. रोज तीनला शाळेची बस यायची आणि अनुसयाबाई तिला घेऊन नऊ मजले चढायच्या. मागच्या आठवड्यात गुडघ्यांनी दगा दिला. सहाव्या मजल्यावर बसावं लागलं, पोरगी पुढं पळाली आणि बंद दारासमोर एकटीच रडत उभी राहिली. सून रूपाली ऑफिसातून धावत आली. ती वाईट नाही हो, पण तिनंही एकदाचं सांगून टाकलं: लिफ्टनं येणार असाल तर सृष्टी तुमच्याकडं, नाहीतर सोमवारपासून पाळणाघर.

शुक्रवारी बाई जीव मुठीत धरून लिफ्टमध्ये शिरल्या. डोळे घट्ट मिटलेले, ओठांवर आसरांचं नाव. नववा मजला आला तेव्हा घामानं भिजल्या होत्या, पण पोहोचल्या. बऱ्याच दिवसांनी मनापासून हसल्या. सृष्टी मात्र मागं वळून लिफ्टच्या फटीत बघत होती.

सोमवारी पोरीनं लिफ्टच्या दाराशीच पाय रोवले.

"आजी, आत पाणी वाजतंय."

हा आवाज अनुसयाबाईंना दोन वर्षं येत होता. मनाचे खेळ म्हणून त्यांनी तो दाबला होता. नातीला तर कुणी विहिरीचं सांगितलेलंही नव्हतं. ओढून आत न्यावं तर काय वाढून ठेवलंय कोण जाणे, आणि जिन्यानं जावं तर पोरगी हातची जाणार. लिफ्टची भीती शुक्रवारी मोडली होती. हसं होण्याची भीती त्याहून मोठी निघाली.

तरी अनुसयाबाई वॉचमनकडं, अमोलकडं गेल्या. लिफ्ट बंद कर आणि खालचा खड्डा उघड म्हणाल्या. अमोल हसला. माणसं जमली, तीही हसली. जिने चढून काकूंचं डोकं फिरलं, असंही कुणीतरी म्हणालं. बाईंचे कान तापले, पण त्या लिफ्टसमोर ठाण मांडून बसल्या. शेवटी लिफ्टचा कारागीर आला, रूपालीही आली. लिफ्ट वर अडकवून त्यानं खाली बॅटरी मारली.

खड्डा भरला होता. स्वच्छ, गार पाणी आणि त्यात लोंबणाऱ्या वायरी. एप्रिलचा महिना, गावातले बोअर आटलेले, सोसायटीला टँकर चालू, आणि इथं पाणी! कारागीर मागं सरला. आणखी एखादी फेरी झाली असती तर लिफ्टभर करंट उतरला असता, म्हणाला.

सगळे बाईंकडं बघू लागले. त्या उठल्या.

"हितं आमची हीर हाय. ओटी न भरता बुजवली. चूक माझी हाय. दोन वर्सं आवाज येतोय, हसाल म्हणून बोलले न्हाई. आन शुक्करवारी ह्याच्यावरनंच पोरीला वर नेली."

कुणी हसलं नाही. रूपालीनं सृष्टीला कडेवर घेतलं, दुसरा हात सासूला दिला आणि तिघी जिना चढू लागल्या. पाळणाघराचं नाव कुणी काढलं नाही. खाली पंप सुरू झाला. सहाव्या मजल्यावर बाई टेकल्या तेव्हाही तो चालूच होता आणि अमोल कुणाला तरी ओरडून सांगत होता, पाणी बोटभरही उतरत नाही म्हणून.